साडेचार वर्षांच्या लेकाचं वजन आणि घरातली चार मोठी माणसं

डोंबिवलीची_आई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

लेक साडेचार वर्षांचा, जूनमध्ये सिनिअर केजीला जाईल. मागच्या आठवड्यात बूस्टरच्या इंजेक्शनला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजन उंची घेतली, वजन २२.५ किलो, उंची १०९ सेंमी. ग्राफवर ठिपका काढून दाखवला आणि म्हणाले हा ओव्हरवेटमध्ये येतोय, ओबीस नाही अजून पण आत्ताच लक्ष घाला. मी म्हंटलं डाएट चार्ट द्या तर म्हणे चार्टबिर्ट काही नाही, मुलाचं डाएट करायचंच नाही, घराचं करायचं, पुढच्या वेळी घरातले सगळे या. आणि पुढचा पेशंट आत. आता घराचं डाएट म्हणजे नक्की काय करायचं ते कोणी सांगेल का?

घरचं सांगते. मी आणि नवरा दोघं नोकरीला, सकाळची साडेसातची लोकल, मी सातला घरी, तो यायला साडेनऊ. दिवसभर साबा (सासूबाई) आणि साबु (सासरेबुवा) सांभाळतात, पाळणाघर कधी लागलंच नाही, आणि ते ज्या मायेने करतात त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही हे आधीच सांगते नाहीतर इथे सासूसून सिरियल सुरू होईल. पण खाणं असं आहे की उठल्या उठल्या दूध, त्यात चॉकलेट पावडर आणि वर साखर, सोबत बिस्किटं. शाळेत डबा, जाम लावलेला पोळीचा रोल. आल्यावर वरणभात तूप, मोबाईल समोर आणि आजी भरवणार, हा घास काऊचा हा घास चिऊचा करत वाटी रिकामी होईपर्यंत. त्याने तोंड फिरवलं की काऊचिऊ संपून मामाचा, आत्याचा, मग वॉचमनकाकांचा घास निघतो. चारला परत दूध आणि खारी नाहीतर चिवडा. पाचला आजोबांबरोबर खाली, म्हणजे खेळायला नाही, वाण्याच्या दुकानापर्यंत, तिथे रोज पाच-दहा रुपयांचं एक पाकीट किंवा टेट्रापॅकमधला ज्यूस. रात्री आमच्याबरोबर परत जेवण आणि झोपताना तिसरं दूध. झोपतो साडेअकराला कारण बाबाची वाट बघत जागा असतो.

साबांचं म्हणणं बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल, याचा बाबाही लहानपणी असाच होता. आता बाबा आज ९४ किलो आणि बीपीची गोळी चालू, पण ते बोलायची सोय नाही. परवा मी चिडून लेकाच्या हातातून चिवड्याची वाटी काढून घेतली तर तो रडला, साबाही रडल्या आणि अजून नीट बोलणं नाहीये घरात. खाली पार्किंगमध्ये मोठी मुलं त्याला ढब्बू म्हणतात आणि तो हसतो, त्याला ते कौतुक वाटतं बहुतेक. मला नाही वाटत.

तर विचारायचं हे की दूध किती द्यायचं, थायरॉईडची टेस्ट करून घ्यायची का, आणि मुख्य म्हणजे साबासाबुंना न दुखावता हे कसं करायचं.


मीनल_नाशिक

आधी पाणी पी एक ग्लास आणि शांत हो, साडेचारला कळलं हे बरंच झालं, आमच्याकडे तिसरीत कळलं.

माझ्या धाकटीचं सांगते. आम्ही तूप कमी करत बसलो होतो आणि ते चुकीच्या ठिकाणी शोधणं होतं. वरणभातावर चमचाभर तुपाने काही होत नाही गं, एका चहाच्या चमच्यात ४५ कॅलरी फारतर. खरा घोळ प्यायच्या गोष्टींत आणि पाकिटांत असतो. तुझ्याकडेच बघ, तीन वेळा दूध, तिन्हीत पावडर नि साखर, वर ज्यूस. यातलं जेवण म्हणून कोणी मोजतच नाही. "दोन घास पण खाल्ले नाहीत आज" असं म्हणणाऱ्या आजीने सकाळपासून दोन कप दूध पाजलेलं असतं.

आम्ही पावडर एकदम बंद नाही केली, दोन चमच्याचा एक, एकाचा अर्धा, मग एक दिवस डबा संपला तो परत आणलाच नाही. वेलचीपूड आणि चिमूटभर हळद चालली आमच्याकडे. रडारड झाली, पण झेपेल इतकीच. आणि हो, ही हेल्थ ड्रिंक म्हणून विकतात ना, २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलंय की हेल्थ ड्रिंकच्या यादीतून ही काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक असा काही प्रकारच नाहीये. साबांना ही बातमी दाखव. सुनेने सांगितलेलं आणि सरकारने सांगितलेलं यात फरक पडतो हाहा.

चारच्या वेळेला खारीऐवजी उकडलेले हरभरे, मक्याचं कणीस, छोटं थालीपीठ, पेरू. अख्खे शेंगदाणे या वयात देऊ नकोस, घशात अडकतात, कूट घाल कशाततरी.


आरोग्यमित्र_९

रोज सकाळी कोमट पाण्यात मध लिंबू आणि रात्री त्रिफळा चूर्ण द्या. गहू आणि भात दोन महिने पूर्ण बंद करा. माझ्या मेव्हण्याचं ८ किलो उतरलं.


मीनल_नाशिक

मेव्हणे किती वर्षांचे आहेत? केजीत आहेत का?


जाड्या_एकेकाळचा

मी सहसा लिहीत नाही पण ते ढब्बूवालं वाचलं आणि राहवलं नाही.

मी तो मुलगा होतो. पाचवीपर्यंत वर्गातला सगळ्यात जाड. घरी उपाय म्हणून माझं ताट वेगळं केलेलं, दादाला पोळीवर गूळतूप आणि मला कोरडी पोळी. दादाला जिलबी आणि मला "तुझं वजन बघ". पंक्तीत सगळ्यांसमोर. परिणाम काय झाला तर मी दुपारी सगळे झोपले की स्वयंपाकघरातल्या डब्यांचं झाकण आवाज न करता कसं उघडायचं ते शिकलो. लाडवाच्या डब्याचं झाकण घट्ट असायचं, ते फडक्याने धरून उघडायचं. आज चाळिशीत आहे, वजन बरंचसं आटोक्यात आहे, पण एकटा असलो की अजून घाईघाईत खातो.

त्यामुळे ताई, एकच करा, त्याच्यासमोर वजन हा शब्द काढू नका. काट्यावर उभा करून घरात चर्चा नको. जे बदलायचं ते सगळ्यांच्या ताटात बदला, बाबाच्या ताटात आधी. त्याला कळताच कामा नये की हे माझ्यासाठी चाललंय. आणि पार्किंगमधल्या पोरांच्या आयांशी बोला, तो हसतोय म्हणून सोडून देऊ नका, मीही हसायचो.


बालरोग_पुणे

मी बालरोगतज्ञ आहे. तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा, तुमचे डॉक्टर सांगतील ते आधी. (मध-लिंबू-त्रिफळा आणि धान्य बंद हे साडेचार वर्षांच्या मुलाला कृपया करू नका, वाढत्या वयात धान्य तोडणं सरळ धोक्याचं आहे.)

बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) काढला तर १८.९ येतो. मोठ्यांचे २३-२५ चे आकडे इथे चालत नाहीत. पाच वर्षांखाली आपण जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतो, त्यात या वयाच्या मुलग्याचा मधला बीएमआय साधारण १५.३ आणि ओव्हरवेटची रेषा १८.३ च्या आसपास. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय, रेषा ओलांडली आहे पण फार पुढे गेलेला नाही.

आता बाळशाबद्दल. वर्षाचं बाळ गोबरं असतं ते ठीक, पण त्यानंतर बीएमआय उतरत जातो आणि बालवाडीच्या वयात मूल काटकुळं दिसतं, अंघोळीच्या वेळी बरगड्या दिसतात. तेच नॉर्मल आहे. माझ्याकडे रोज अशा नॉर्मल मुलांना टॉनिक मागायला लोक येतात. साधारण पाच-सहाव्या वर्षी हा आकडा तळाला जातो आणि मग परत चढायला लागतो. ज्या मुलांमध्ये हा चढ तीन-चारलाच सुरू होतो त्यांचं वजन पुढेही जास्त राहण्याची शक्यता वाढते. म्हणून "उंची वाढली की उतरेल" हे अर्धं खरं. उंची वाढेलच, पण वजनही त्याच वेगाने चढत राहिलं तर उतरणार कुठून?

चांगली बातमी अशी की या वयात वजन कमी करायचंच नसतं, थोपवायचं असतं. समजा वर्षभर वजन २२.५ वरच राहिलं आणि उंची ६ सेंमी वाढून ११५ झाली, तर बीएमआय १७ वर येतो. एक किलोही न घटवता. चाळिशीत तुम्हाला-मला ही सोय नाही. काट्यावर एक-दीड किलो वाढलं तरी घाबरू नका, उंचीच्या मानाने वेग मंदावला की झालं. दर आठवड्याला वजन करू नका, तीन महिन्यांनी दवाखान्यात करा, एकाच काट्यावर.

थायरॉईडचं: थायरॉईड कमी पडलं तर उंची खुंटते. तुमचा मुलगा सरासरीपेक्षा दोनेक सेंमी उंचच आहे, अशा मुलात हार्मोनचं कारण निघणं विरळा. पण मूल जाड आणि बुटकं असेल, बोलण्या-चालण्यात मागे असेल, स्टिरॉईड चालू असेल तर तपासण्या हव्यात. दोन गोष्टी तुम्ही घरी बघा. एक, मानेची मागची बाजू किंवा काख काळपट आणि मखमलीसारखी जाड झालीय का. तो मळ नसतो, घासू नका, डॉक्टरांना दाखवा. दुसरं, रोज रात्री घोरतो का. घोरणाऱ्या मुलाची झोप तुटते, ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) तपासावे लागतात.

झोपेवरून, साडेअकरा फार उशीर आहे. ३-४ वर्षांच्या मुलाला दिवसभराची धरून १० ते १३ तास झोप हवी, स्क्रीन तासाच्या आत, आणि हालचाल दिवसभरात मिळून तीन तास, त्यातला तासभर दम लागेल अशी. झोप कमी पडली की भूक वाढते, विशेषतः गोडाची. बाबांनी सकाळी अर्धा तास त्याला द्यावा, रात्री भेटीची वाट बघायला लावू नये.

दूध दिवसाला ४०० मिली पुष्कळ, म्हणजे दोन छोटे कप, साखरेशिवाय. झोपतानाचं तिसरं सोडा, दातांसाठी तर सोडाच. ज्यूसची गरज शून्य. हिशेब हवा असेल तर या वयात दिवसाची ऊर्जा साधारण १३५० कॅलरी, त्यातली वरून घातलेली साखर दहा टक्क्यांच्या आत ठेवायची म्हणजे ३४ ग्रॅम, फार तर आठ चहाचे चमचे, आणि निम्म्यावर आणता आली तर उत्तम. तुमच्या मुलाचे आठ चमचे बहुधा शाळेत पोचेपर्यंत संपत असावेत.

एक गोष्ट आजींच्या बाजूने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३.४ टक्के मुलं ओव्हरवेट आहेत (त्याआधीच्या फेरीत २.१ होती) आणि त्याच सर्वेक्षणात ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. मूल बारीक राहील ही त्यांची भीती हवेतली नाही, फक्त ती तुमच्या घरात लागू पडत नाही. आणि आपल्या मुलांचं एक वेगळंही आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ ची. पण आपली बाळं कमी भरली ती मुख्यतः स्नायूंत, चरबी त्यामानाने राखून होती. म्हणजे आपली मुलं सुरुवातच चरबीकडे झुकून करतात, पुढे मधुमेहाची भीती इथूनच. त्यावर आणखी थर चढवायला नको.


निवृत्त_मास्तर

वय वर्षे ६८, सातारा जिल्हा. मी आजोबापक्षाकडून बोलतो, चालेल ना?

ताई, तुमच्या सासूबाई माझ्याच वयाच्या असतील. आमच्या पिढीने बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. शाळेत सुकडी मिळायची आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या ज्वारीच्या, भाकरी, घशाखाली उतरायच्या नाहीत त्या. माझी आई स्वतः पाणी पिऊन झोपायची आणि आम्हाला वाढायची. त्या बाईच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला तुम्ही सांगता की नातवाने तोंड फिरवलं की थांबा. कळतं हो, पण हात थांबत नाही. ताटात टाकलेलं अन्न बघून अजून माझ्या पोटात कालवतं.

आणि दुसरं, राग मानू नका. तुम्ही दिवसभर घरात नाही. दहा-अकरा तास पोर त्यांच्या जिवावर आहे आणि संध्याकाळी येऊन तुम्ही काय दिलं काय दिलं नाही याचा हिशेब घेणार, चिवड्याची वाटी काढून घेणार, हे म्हणजे मुख्याध्यापकांनी पालकांसमोर मास्तरला झापण्यासारखं आहे. डॉक्टर म्हणतात ना सगळे या, मग सासूबाईंनाच न्या. पुढच्या खुर्चीवर त्यांना बसवा, तुम्ही मागे बसा. डॉक्टरांचा निरोप तुमच्या तोंडून गेला की तो सुनेचा होतो.

मग त्यांना काम द्या, मनाई देऊ नका. "हे देऊ नका" या वाक्यात माणसाला करायला काही उरत नाही. "चारच्या वेळचं खाणं तुमच्याकडे, विकतचं नको, तुमच्या हातचं काय देता येईल" असं विचारा. आमच्या हिला असं विचारल्यावर दोन महिने रोज वेगळं निघत होतं, मुगाचं धिरडं, ज्वारीच्या लाह्या, दुधीची वडी वाफवलेली, उकडलेलं रताळं. हिने शिकवलेलं नातसून कधी करेल तेव्हा करेल, तोवर खाऊन घ्या.

आजोबांचं जास्त सोपं आहे. त्यांना नातवाला खाली न्यायला आवडतं आणि रिकाम्या हाताने परत आणायला आवडत नाही, एवढंच आहे ते. माझंही तेच. आता आम्ही वाण्याकडे न जाता मंडईत जातो, चालत, येताना एक भाजी नातू निवडतो आणि ती पिशवी तोच धरतो. परवा नवलकोल आणला, कोणालाच आवडला नाही, पण स्वतः निवडलेला म्हणून त्याने खाल्ला. आणि त्याच्या वयाच्या पोरांना गोळा करून लंगडी, विषामृत शिकवा म्हणावं, आजोबांना खुर्ची टाकून अंपायर होता येतं.

बाकी डॉक्टरसाहेबांचे आकडे ठीक आहेत पण घरात रोज मिलीलिटर मोजायला लागलात तर घराचा दवाखाना होईल, हे आपलं माझं मत.


सई_स्टॉकहोम

मास्तरांना अनुमोदन, मिलीलिटर सोडून. :)

इकडचं सांगते कारण इकडे नेमकं हेच वय धरून काम चालतं. स्वीडनमध्ये चार वर्षांची तपासणी सरकारी बालआरोग्य केंद्रात होते, तिथे माझ्या मुलीचा ठिपका वर निघाला. नर्सने तिला बाहेर चित्र काढायला बसवलं आणि दार लावून आमच्याशी बोलली. मुलीसमोर एक अक्षर नाही. आणि "तुम्ही काय चुकताय" असा सूर अजिबात नाही, विचारलं की तुम्हाला घरात कुठली वेळ सगळ्यात अवघड जाते.

इथे कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ४ ते ६ वर्षांच्या १७४ मुलांवर एक अभ्यास केला, २०१९ मध्ये छापून आला. एका गटाला नेहमीची ओपीडी. दुसऱ्या गटात फक्त आईबाबा, दर आठवड्याला एक असे दहा वर्ग. मुलं वर्गात येतच नाहीत! आणि त्या वर्गांत खाण्यापिण्याइतकंच किंवा त्याहून जास्त हे शिकवतात की मूल अडून बसलं तर न ओरडता नाही कसं म्हणायचं, चांगलं वागलं ते नेमकं सांगून कौतुक कसं करायचं, दोन मोठ्या माणसांनी मुलासमोर एकच कसं बोलायचं. वर्षाने बघितलं तर आईबाबांच्या वर्गवाल्या मुलांचा बीएमआय नेहमीच्या ओपीडीवाल्यांपेक्षा जास्त उतरला होता, आणि ज्यांना वर्ग संपल्यावरही अधूनमधून फोन करून विचारपूस चालू ठेवली त्यांचा सगळ्यात चांगला. मला त्यातलं हे फोनचं फार पटलं. दहा आठवडे सगळेच उत्साहात असतात.

आमच्या घरात जे टिकलं ते सांगते. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते तिने. टेबलावर बसून, स्क्रीन नाही, भरवणं नाही, तिची ती खाणार. दोन घास खाऊन उठली तर उठली, पुढचं खाणं ठरलेल्या वेळेला, मधे चरणं नाही. पहिले काही दिवस आपल्यालाच सहन होत नाही. पण चार वर्षांच्या मुलाला पोट भरलेलं कळतं, आपण काऊचिऊ करून ते कळणं बुजवतो.

आणि घरात ठेवून "नाही" म्हणू नका. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाला १९९९ मध्ये प्रीस्कूलच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, सारख्याच चवीच्या दोन खाऊंपैकी एक डोळ्यासमोर बरणीत ठेवून ठरावीक वेळच हात लावायला दिला, तर मुलं त्याच बरणीसाठी वेडी झाली. म्हणजे वरच्या त्या दादांचा लाडवाचा डबा. तेव्हा चिवडा घरात असेल तर सगळ्यांना वाटीवाटी मिळेल, नसेल तर कोणालाच नाही. इकडे शनिवारीच गोळ्या-चॉकलेट खायची जुनी पद्धत आहे, दातांच्या डॉक्टरांच्या काळजीतून रुजलेली, मूल शनिवार कधी येतो ते बरोबर सांगतं आणि बाकीचे दिवस भांडण नाही. आम्ही ती घेतली. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा शनिवार आठवड्यातून तीनदा यायचा ते सोडा.


डोंबिवलीची_आई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, उत्तर द्यायला इतके महिने लागले त्याबद्दल सॉरी, मधे शाळा सुरू झाली, साबुंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

मास्तरकाका, तुमचं वाचून आधी राग आला होता खरंच. मग साबांना घेऊन गेले, त्याच पुढच्या खुर्चीवर. त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, लेकराला उपाशी ठेवू का? डॉक्टर म्हणाले आजी, एक वेळ पण उपाशी ठेवायचं नाही, फक्त चमचा त्याच्या हातात द्यायचा. आणि तुमचा मुलगा लहानपणी असाच होता ना, मग आज त्याची गोळी कुठली चालू आहे? नवरा शेजारी बसलेला. घरी येताना रिक्षात कोणी काही बोललं नाही.

जमलेलं: पावडर गेली. रात्रीचं दूध गेलं. मोबाईल दुपारी बंद झाला, तो आठवडा भयंकर होता, साबांनीच पार पाडला, मी ऑफिसात होते. आता तो स्वतः खातो, अर्धं जमिनीवर, साबा समोर बसून भाजी निवडतात म्हणजे हात रिकामे राहत नाहीत. झोप दहावर आलीय, नवरा सकाळी त्याला शाळेत चालत सोडतो आणि नंतरची लोकल पकडतो. ढब्बूवालं मी त्या मुलांच्या आयांशी बोलले, दोघींनी ऐकलं, एक म्हणाली मुलं आहेत, चालायचंच.

न जमलेलं: साबु. मंडईत जातात, नवलकोल पण आणतात, आणि येताना वाण्याकडेही जातात. दोन्ही. आणि नवऱ्याला रात्री साडेनऊला आल्यावर फरसाण लागतंच, म्हणतो मी मोठा आहे. तो डबा आता वर कपाटावर आहे, म्हणजे सगळ्यांना दिसतो.

मागच्या आठवड्यात वजन २२.८, उंची १११. डॉक्टर खूश होते, म्हणाले असंच चालू द्या.

आता नवीन टेन्शन. गणपती जवळ आलेत, आम्ही कणकवलीजवळ गावी जातो, घरात वीस-बावीस माणसं, आणि तिथल्या काकू-आत्या मला दारातच विचारणार पोराला काय आजार झालाय, वाळला की. आणि मग भरपाई सुरू. तिथे काय करू? सगळं पाण्यात जाईल ना.


जाड्या_एकेकाळचा

फरसाणाचा डबा कपाटावर म्हणजे अजून मजा. त्यांना सांगा ऑफिसात नेऊन ठेवा. मी मोठा आहे म्हणतात ना, मग मोठ्या माणसाचा ड्रॉवर असतो तिथे.


निवृत्त_मास्तर

राग आला ते सांगितलंत, बरं वाटलं. साबुंना एकदम वाणी सोडायला लावू नका, रविवार ठरवून द्या, स्वीडनच्या शनिवारासारखा. आणि पैसे नातवाच्या हातात द्या, दहा रुपयाचं एकच, तो निवडेल. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्याला पण फिरायला कोणीतरी सोबत लागतंच.


बालरोग_पुणे

बीएमआय १८.९ वरून १८.५, आणि तेही उंची वाढून. उत्तम आहे. गणपतीत काही पाण्यात जात नाही, चार-आठ दिवसांनी ग्राफ बदलत नाही, वर्षभराच्या पाकिटांनी बदलतो. मोदक खाऊ द्या, स्वतःच्या हाताने, बसून, सगळ्यांबरोबर. गावी जाऊन वजन करू नका आणि परत आल्यावरही लगेच नको.


मीनल_नाशिक

मोदकाचं काही नाही गं, मोदक दोन खाऊन पोरं पळतात. माझ्या सासरी पण गणपती असतात, तिथे खरा त्रास दोन गोष्टींचा, दर्शनाला येणारा प्रत्येक जण आणतो ते पेढ्यांचे बॉक्स आणि मुलांसाठी म्हणून आणलेली कोल्ड्रिंकची क्रेट. पेढे दुपारच्या आरतीलाच वाटून संपवायचे, रात्री फ्रिजमध्ये बॉक्स राहता कामा नये. क्रेट मात्र एकदा अंगणात उतरली की मग कोणाचं काही चालत नाही, त्यामुळे ती कोण आणतं ते शोधून आत्ताच बोल. आमच्याकडे आता कोकम सरबताचं पातेलं असतं, साखर बेताची, मीठ जिरं घालून. बाकी वाडीत पोरं सकाळपासून अंधार पडेपर्यंत उंडारतात, डोंबिवलीत महिन्याभरात होत नाही तेवढी हालचाल तिथे दोन दिवसांत होते. आणि वाळला म्हणणाऱ्या काकूंना उत्तर तू देऊ नकोस, साबांना देऊ दे.


डोंबिवलीची_आई

क्रेट धाकटे काका आणतात दरवर्षी. साबांना म्हंटलं तुम्ही फोन करता का, तर म्हणाल्या मी करते, आणि वर त्याला हेही सांगते की कोकमाचा आगळ (अर्क) घरचा काढून ठेव, मागच्या वर्षी विकतचं आणलं होतंस. फोन चालू आहे आत्ता, बराच वेळ झाला, कोकमावरून सुरू झालेलं आता काकांच्या शुगरवर गेलंय.